चापाची गती

इ. स. १८५८ साली, उत्तर हिंदुस्थानात बंडाची धग अजून पुरती निवालेली नव्हती आणि कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू होत होता अशा धामधुमीच्या दिवसांत, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बनारस संस्कृत पाठशाळेतील गणित-ज्योतिषाचे अध्यापक बापूदेवशास्त्री यांचे एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध झाले. ज्याला पाश्चात्त्य गणिती चलनकलन म्हणतात त्याचे मूलतत्त्व भास्कराचार्यांना बाराव्या शतकातच अवगत होते, असे त्या टिपणाचे प्रतिपादन होते. शास्त्रीबुवा जन्माने पुण्याचे. नागपुरास मराठी शाळेत त्यांनी गणिताचे प्राथमिक धडे घेतले, पुढे सीहोरचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेस त्यांची बुद्धी पडली, आणि १८४२ साली ते बनारसेस अध्यापक झाले. सिद्धांतज्योतिष आणि युरोपीय गणित या दोन्ही विद्यांत ज्याची गती समान आहे असा पंडित त्या काळी देशात विरळा होता, आणि म्हणूनच त्यांच्या विधानाकडे दुर्लक्ष करणे लंडनच्या विद्वानांनाही शक्य झाले नाही. १८६० साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम स्पॉटिस्वुड यांनी त्यास उत्तर दिले. पुढे रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदी चढलेल्या या गणितज्ञाने भास्कराचार्यांच्या कुशाग्र दृष्टीची मोकळेपणाने प्रशंसा केली, त्यांची रीत आधुनिक रीतीच्या किती निकट येते हेही कबूल केले. परंतु चलनकलनाचा शोध म्हणून तिची नोंद करण्यास तो राजी झाला नाही.

वादाचा सारा रोख भास्कराचार्यांच्या एका सूत्रावर राहिला. त्या सूत्राच्या पुढची पायरी, म्हणजे ज्येच्या (आजच्या साइनच्या) गतीवरून चापाची गती काढण्याची पायरी, दक्षिणेत एका नदीच्या काठी साडेतीनशे वर्षांपूर्वीच चढली गेली होती. इतकेच नव्हे, तर त्या पायरीची साक्ष देणाऱ्या ग्रंथांचा परिचय करून देणारा निबंध त्याच लंडनच्या संस्थेने सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या ग्रंथमालेत छापून ठेवलेला होता. या लेखाचा विषय ती पायरी आहे.

आजच्या महाविद्यालयात ज्यांना व्यस्त त्रिकोणमितीय फलने म्हणतात त्यांचे अवकलज विद्यार्थी एका पानावर पाठ करून टाकतो. ज्या क्ष असेल तर चापाचा अवकलज एक भागिले, एकातून क्षचा वर्ग वजा करून आलेल्या शेषाचे वर्गमूळ. स्पर्शरेषा क्ष असेल तर एक भागिले, एक अधिक क्षचा वर्ग. सूत्रे सोपी आहेत, आणि त्यांच्या सोपेपणामुळेच त्यांच्यातले आश्चर्य नजरेआड होते. ज्येची लांबी दिली असता तिच्यावर उभा असलेला चाप किती, हे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ या परिचित क्रियांची सांत साखळी कितीही लांबविली तरी सर्वसाधारणपणे सांगता येत नाही. परंतु ज्या किंचित वाढली असता चाप किती वाढेल, हे मात्र एका वर्गमुळाने आणि एका भागाकाराने सांगता येते. जी राशी स्वतः बीजगणिताच्या हाती लागत नाही तिची गती बीजगणिताच्या स्वाधीन असावी, या गोष्टीवर वर्तुळमापनाच्या इतिहासातले सगळ्यांत मोठे परिवर्तन उभे आहे. आणि ही गोष्ट प्रथम ज्यांच्या ध्यानात आली त्यांना तिचे कारण वर्तुळाने नव्हे तर चंद्राने पुरविले.

पंचांगकर्त्याला तिथीचा अंत घटी-पळांत सांगावा लागतो. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. परंतु चंद्राची गती एकसारखी नाही. मध्यम मानाने तो दिवसाला तेरा अंश दहा कला चालतो, पृथ्वीपासून दूर, मंदोच्चाजवळ असता बारा अंशांच्या आसपास आणि पृथ्वीच्या निकट, नीचाजवळ असता पंधरा अंशांच्या जवळ जातो. मध्यम स्थानात जो संस्कार करून स्पष्ट स्थान मिळते त्या मंदफलाची रीत अशी, की केंद्राची, म्हणजे मंदोच्चापासूनच्या अंतराची, ज्या घ्यावी, ती परिधीच्या, म्हणजे मंदफल दाखविणाऱ्या लहान वर्तुळाच्या, प्रमाणात लहान करावी, म्हणजे भुजफल येते, आणि भुजफलाचा चाप हेच मंदफल. स्थान काढण्यासाठी ज्येवरून चापाकडे जावे लागते. मग स्थानाची गती काढावयाची तर ज्येच्या गतीवरून चापाच्या गतीकडे जाणे ओघानेच आले. ज्याला आपण व्यस्त फलनाचे अवकलन म्हणतो तो प्रश्न येथे कोणी हौसेने उपस्थित केलेला नाही. ग्रहणाची वेळ आणि एकादशीचे पारणे यांनी तो ज्योतिष्याच्या पाटीवर आणून ठेवला.

भास्कराचार्यांपूर्वीचे पुष्कळसे गणक आज सूर्योदयी चंद्र कोठे होता आणि उद्या सूर्योदयी कोठे असेल यांचे अंतर हीच आजची गती समजत, आणि ज्या-कोष्टकातील दोन लगतच्या ज्यांचा जो फरक, ज्याला भोग्यखंड म्हणत, तो त्या सव्वादोनशे कलांच्या सबंध टप्प्यात एकच मानून हिशेब करीत. याचा परिणाम असा होई की टप्पा ओलांडताच गती एकाएकी बदले, आणि आकाशात तर असा धक्का कोठेच दिसत नाही. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०, मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी पूर्ण करणाऱ्या या सह्याद्रिनिवासी आचार्याने अशा गतीला स्थूल म्हटले आणि तिच्याजागी तात्कालिकी गती आणली. चंद्राची गती मोठी असल्यामुळे ती प्रतिक्षणी सारखी नसते, म्हणून तिथ्यन्त जवळ असता त्याच क्षणाची गती घेतली पाहिजे, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे. भोग्यखंडही त्यांनी तात्कालिक केले: इष्ट स्थानाची कोटिज्या (आजची कोसाइन) घ्यावी, पहिल्या ज्येने म्हणजे २२५ ने गुणावी, ३४३८ कलांच्या त्रिज्येने भागावी, की त्या ठिकाणचे भोग्यखंड मिळते. ज्या बदलते ती कोटिज्येच्या प्रमाणात, हा आजच्या पाठ्यपुस्तकातला पहिला सिद्धांत येथे संपूर्ण उभा आहे, आणि बापूदेवशास्त्र्यांनी बोट ठेवले ते याच जागी.

आता एक गोष्ट निःपक्षपातीपणे नमूद केली पाहिजे. चंद्राच्या गतीसाठी भास्कराचार्यांनी दिलेला संस्कार कोटिफलास, म्हणजे परिधीच्या प्रमाणात लहान केलेल्या केंद्राच्या कोटिज्येस, केंद्रगतीने गुणून त्रिज्येने भागल्याने मिळतो; म्हणजे भुजफल किती वेगाने बदलते हे त्यांनी अचूक सांगितले, पण भुजफलाचा चाप किती वेगाने बदलतो हे वेगळे न काढता, फल लहान असल्यामुळे ज्या आणि चाप यांचा बदल त्यांनी एकच धरला. त्यांना तो भेद ठाऊक नव्हता असे मात्र म्हणवत नाही; कारण भौमादि पाच ग्रहांच्या शीघ्रफल नावाच्या दुसऱ्या संस्काराचा विषय निघताच, जेथे फल मोठे असते आणि भेदाची उपेक्षा चालत नाही, तेथे चापाच्या गतीचा पूर्ण विचार करून त्यांनी फलाच्या कोटिज्येचा आणि शीघ्रकर्णाचा अंतर्भाव असलेले निर्दोष सूत्र दिले आहे, आणि पूर्वाचार्यांची या ठिकाणची चूक दाखविण्यासही ते कचरलेले नाहीत. चंद्राच्या बाबतीत त्यांनी व्यवहारापुरती सूक्ष्मता राखली, असे म्हणणे न्यायाचे होईल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांची परंपरा महाराष्ट्रात त्यांच्या घराण्याने चालविली. चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेखात, त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली त्यास वृत्ती लावून दिल्याचा दाखला आहे. डॉक्टर भाऊ दाजी यांनी तो शिलालेख उजेडात आणला. परंतु सूत्रातली ती उरलेली पायरी चढली गेली ती येथून पुष्कळ दूर, मलबारात.

भारतप्पुळा ऊर्फ नीळा ही नदी पालघाटच्या खिंडीतून पश्चिमेस वाहत जाऊन पोन्नानीपाशी समुद्रास मिळते. तिच्या आसपासच्या गावांत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे अडीचशे वर्षे गुरूकडून शिष्याकडे अखंड चाललेली गणिताची एक परंपरा नांदली. तिचा मूळपुरुष संगमग्रामीचा माधव. त्याचा शिष्य वटश्शेरीचा परमेश्वर, ज्याने पंचावन्न वर्षे आकाशाचे वेध घेऊन १४३१ मध्ये दृग्गणित रचले. परमेश्वराचा पुत्र आणि शिष्य दामोदर. आणि दामोदराच्या घरी राहून विद्या संपादन केलेला, १४४४ साली जन्मलेला केळल्लूरचा नीलकंठ सोमयाजी. माधवाचे बहुतेक लेखन लुप्त झाले असून त्याची सूत्रे शिष्यप्रशिष्यांच्या ग्रंथांतून अवतरणांच्या रूपाने शिल्लक आहेत. राजाश्रयाच्या थाटाचा येथे मागमूस नाही. नंबुद्री ब्राह्मणांची घरे, देवळांच्या सेवेत असणारे वारियर आणि पिषारटी, आणि एका पिढीने अर्धवट ठेवलेला हिशेब दुसऱ्या पिढीने पुढे न्यावयाचा, एवढीच सामग्री होती.

इ. स. १५०० च्या सुमारास नीलकंठाने तंत्रसंग्रह पुरा केला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात चंद्राच्या गतीचा एक श्लोक आहे, आणि त्याचा आशय असा: कोटिफलाला केंद्राच्या गतीने गुणावे, आणि त्रिज्येच्या वर्गातून चंद्राच्या भुजफलाचा वर्ग वजा करून राहिलेल्याचे जे मूळ, त्याने भागावे, आलेले फल केंद्राच्या राशीनुसार मध्यम गतीत मिळवावे किंवा तीतून वजा करावे. भास्कराचार्यांच्या सूत्राशी हे ताडून पाहावे. तेथे भाजक त्रिज्या होती. येथे त्रिज्येच्या जागी ते वर्गमूळ आले आहे. एवढाच फेरफार, परंतु ज्येच्या गतीचे चापाच्या गतीत रूपांतर करणारा तो नेमका हाच, आणि व्यस्त ज्याफलनाच्या अवकलजातील हर तो हाच. नीलकंठाने आपल्या ज्योतिर्मीमांसेत हे वचन आपले गुरू दामोदर यांचे म्हणून सांगितले आहे, तेव्हा श्रेय द्यावयाचे तर ते पंधराव्या शतकातील त्या वटश्शेरीच्या आचार्याकडे जाते, ज्याचा स्वतंत्र असा एकही ग्रंथ आज आपल्यासमोर नाही.

हा हर येतो कोठून, हे त्या लोकांच्याच भाषेत सांगणे अवघड नाही. वर्तुळावर एक अत्यंत लहान चाप घ्यावा. तो इतका लहान की त्याची पूर्णज्या आणि तो यांत भेद उरू नये. त्या चापखंडाने ज्येत जी वाढ होते ती आणि तो चापखंड यांचा एक इवलासा काटकोन त्रिकोण होतो, आणि तो वर्तुळमध्यापासून निघणाऱ्या मोठ्या त्रिकोणाशी सरूप असतो. म्हणून ज्येची वाढ आणि चापाची वाढ यांचे प्रमाण कोटिज्या आणि त्रिज्या यांच्याइतकेच. आता त्रैराशिक उलटे मांडले की काम झाले: ज्येची वाढ ठाऊक असेल तर तिला त्रिज्येने गुणून कोटिज्येने भागावे, चापाची वाढ मिळते. आणि कोटिज्या म्हणजे तरी काय? त्रिज्येच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून घेतलेले मूळ. शुल्बसूत्रांपासून चालत आलेला कर्णाचा नियम आणि लीलावतीच्या विद्यार्थ्यालाही येणारे त्रैराशिक, यांपलीकडे या सूत्रात काहीही नाही; जे नवे आहे ते क्षणाकडे पाहण्याच्या धैर्यात आहे.

या सुधारणेने चंद्राच्या गतीत पडणारा फरक किती? परिधी आणि चक्र यांचे प्रमाण नीलकंठाच्या मते चंद्रासाठी सात भागिले ऐंशी, आणि केंद्राची दैनिक गती सुमारे ७८४ कला. ही परिमाणे घेऊन हिशेब केला तर दोन्ही सूत्रांच्या फलांतील अंतर अधिकात अधिक दिवसाला सहा विकलांच्या आसपास येते. सहा विकला म्हणजे कलेचा दहावा हिस्सा. दुर्बिणीवाचून उघड्या डोळ्याने वेध घेणाऱ्या माणसाला हे अंतर दिसणे केवळ असंभव, आणि त्यामुळे तिथीच्या अंतात पडणारा फरकही पंचांगाच्या दृष्टीने नगण्य. तरीही दामोदराने तो काढला, नीलकंठाने तो श्लोकबद्ध करून ग्रंथात नोंदविला, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अच्युत पिषारटीने स्फुटनिर्णयतंत्रात याच दिशेने आणखी पुढे जाऊन, भागाकाराच्या स्वरूपात असलेल्या फलाची गती कशी काढावी हेही सांगितले. प्रश्न पंचांगाने विचारला होता हे खरे. परंतु पंचांगाची गरज भागल्यावरही ज्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, त्यांना मी गणिती म्हणतो, आणि हिंदू ज्योतिष्यांनी गणित केवळ धर्मकृत्यांच्या सोयीपुरते केले असे जे सरसकट विधान आपल्याकडेही पुष्कळदा उच्चारले जाते, त्याला या सहा विकला पुरेसे उत्तर आहेत असे मला वाटते.

चापाच्या गतीचा दुसरा आणि अधिक भव्य उपयोग याच मंडळींनी केला, तो स्पर्शरेषेच्या बाजूने. त्याची उपपत्ती ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषेत आहे. ज्येष्ठदेवही दामोदराचाच शिष्य. इ. स. १५३० च्या सुमारास त्याने हा ग्रंथ लिहिला तो संस्कृतात नव्हे, श्लोकांत नव्हे, तर मलयाळम गद्यात, आणि त्यात केवळ रीती न देता प्रत्येक रीतीची युक्ती, म्हणजे सिद्धता, सविस्तर मांडली. ज्या देशात गणिताचे ग्रंथ सूत्ररूपाने पाठ करावयाचे आणि उपपत्ती गुरुमुखातून ऐकावयाची असा प्रघात होता, तेथे एका आचार्याने बोलीभाषेत, सामान्य जिज्ञासूला समजेल अशा बेताने, संथपणे उपपत्ती लिहून काढाव्यात ही घटना मला त्यातील निष्कर्षांइतकीच महत्त्वाची वाटते.

वर्तुळाभोवती चौकोन काढावा, चारही बाजू वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या. पूर्वेकडील बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचा जो अर्धा भाग, त्याची लांबी त्रिज्येइतकीच. त्याचे समान सूक्ष्म खंड पाडावेत आणि प्रत्येक खंडाच्या टोकाशी वर्तुळमध्यापासून कर्ण न्यावा. दोन लगतच्या कर्णांमध्ये एकीकडे चौकोनाच्या बाजूचा खंड सापडतो आणि दुसरीकडे वर्तुळाचा चापखंड. पहिल्या कर्णाच्या टोकातून दुसऱ्या कर्णावर लंब टाकला की सरूप त्रिकोणांनी तो लंब मिळतो: खंड गुणिले त्रिज्या, भागिले दुसरा कर्ण. हा लंब वर्तुळापर्यंत आत ओढून आणावयाचा, म्हणजे पुन्हा त्रिज्येने गुणून पहिल्या कर्णाने भागावयाचे. दोन कर्णांत फारसे अंतर नाही, म्हणून त्यांच्या गुणाकाराच्या जागी एकाचाच वर्ग घ्यावा. कर्णाचा वर्ग म्हणजे त्रिज्येचा वर्ग आणि बाजूवरील अंतराचा वर्ग यांची बेरीज. तेव्हा चापखंड बरोबर बाजूचा खंड गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले ही बेरीज. त्रिज्या एक मानली तर खंडाला एक अधिक क्षच्या वर्गाने भागावयाचे. आजचा विद्यार्थी व्यस्त स्पर्शफलनाचा अवकलज म्हणून जे पाठ करतो ते हे, अक्षरशः आणि उपपत्तीसह.

ज्येष्ठदेव येथे थांबत नाही. भागाकार त्रासदायक, म्हणून तो भागाकाराच्या जागी फलातून फलाचा अंश वजा करीत, त्यातून पुन्हा अंश वजा करीत, आळीपाळीने धन-ऋण होणाऱ्या पदांची न संपणारी मालिका करतो. मग प्रत्येक खंडासाठी आलेल्या त्या पदांची बेरीज करण्यासाठी वर्गांची, चतुर्घातांची, षड्घातांची संकलिते काढतो, आणि खंड अतिसूक्ष्म केले असता ही संकलिते शेवटच्या घाताच्या पुढच्या घाताचा अनुक्रमे तिसरा, पाचवा, सातवा हिस्सा होतात हे दाखवितो. अखेरीस माधवाची श्रेढी हाती येते: व्यासाची चौपट घ्यावी, तीतून तिचाच तिसरा हिस्सा वजा करावा, पाचवा मिळवावा, सातवा वजा करावा, असे पुढे पुढे करीत गेले की परिघ. ही श्रेढी फार संथपणे आपल्या मुक्कामाला पोहोचते, हे जाणून त्या मंडळींनी मध्येच थांबले असता शेवटी कोणता संस्कार करावा तेही ठरविले. आणि तीस अंशांच्या चापावरून निघणारी, हरात तिनाचे चढते घात असलेली, झपाट्याने जवळ येणारी दुसरी श्रेढीही दिली. नऊ निखर्व, म्हणजे ९००००००००००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ २८२७४३३३८८२३३, असे माधवाच्या नावावर जे मान सांगितले जाते ते व्यास-परिघांच्या गुणोत्तराच्या अकराव्या दशांशस्थळापर्यंत खरे आहे.

हीच उपपत्ती शंकर वारियर याने संस्कृतात दोन ठिकाणी आणली, एकदा तंत्रसंग्रहाच्या युक्तिदीपिका या टीकेत आणि एकदा क्रियाक्रमकरीत. क्रियाक्रमकरी ही टीका लीलावतीवरची आहे. सह्याद्रीच्या आचार्याने परिघ काढण्यासाठी ३९२७ आणि १२५० ही संख्यांची जोडी दिली त्या श्लोकाचे निमित्त करून नीळेच्या काठचा टीकाकार माधवाची अनंत श्रेढी विस्ताराने सांगतो. वारियरच्या हातून ही टीका अपुरी राहिली आणि महिषमंगलच्या नारायणाने ती पुरी केली. त्याच शतकात, १५४५ साली, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहिली आणि तीतही उपपत्तीवर भर दिला. एकाच ग्रंथावर एकाच शतकात पश्चिम किनाऱ्याच्या दोन टोकांना दोन उत्कृष्ट टीका झाल्या, आणि ग्रहलाघवाचा कर्ता असलेल्या आपल्या गणेशाच्या टीकेत त्या श्रेढीची वार्ता नाही. मधल्या प्रदेशात व्यापाऱ्यांची गलबते ये-जा करीत होती. ताडपत्रे मात्र ज्या घरात लिहिली गेली त्याच घराच्या पेटीत राहिली. याची हळहळ मला वाटते.

युरोपात चापाच्या गतीचा हाच प्रश्न सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निराळ्या वाटेने पुढे आला आणि तेथे त्याने हा हा म्हणता सारे क्षेत्र व्यापले. न्यूटनने १६६९ च्या आपल्या निबंधात ज्येवरून चापाची श्रेढी काढली. एकातून क्षचा वर्ग वजा करून आलेल्या शेषाच्या मुळाचा व्यस्त आपल्या द्विपद सिद्धांताने विस्तारून, पदांचे एकेक क्षेत्रफळ घेऊन त्याने ती मिळविली, आणि मग ती उलटवून चापावरून ज्येची श्रेढी काढली. जेम्स ग्रेगरीने १६७१ च्या फेब्रुवारीत कॉलिन्सला लिहिलेल्या पत्रात व्यस्त स्पर्शफलनाची श्रेढी कळविली, आणि त्यानंतर चारच वर्षांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. लायब्निट्झने पॅरिसमध्ये १६७३-७४ च्या सुमारास वर्तुळाची तीच श्रेढी स्वतंत्रपणे शोधली आणि १६८२ साली प्रसिद्ध केली. १७०६ मध्ये मॅशिनने दोन चापांच्या युक्तीने व्यास-परिघांच्या गुणोत्तराची शंभर स्थळे काढली. युरोपीयांनी जे अधिक केले ते असे, की कोणत्याही फलनाची गती एकाच नियमावलीने काढता येते हे ओळखून त्यांनी तिला चिन्हे दिली, आणि व्यस्त फलनाची गती मूळ फलनाच्या गतीचा व्यस्त असते हा नियम वर्तुळापुरता न ठेवता सर्वत्र लावला. अशी सर्वसाधारण विद्या मलबारात निर्माण झाली नाही, आणि स्पॉटिस्वुडचा आक्षेप तेवढ्यापुरता आजही टिकतो. मलबारची विद्या जेसुइट पाद्र्यांमार्फत युरोपात गेली असावी असा तर्क अधूनमधून केला जातो; परंतु त्यास कागदोपत्री पुरावा मिळालेला नाही, आणि पुराव्यावाचूनच्या तर्काने दामोदराचा गौरव तिळभरही वाढत नाही.

युरोपीयांच्या नजरेस ही ताडपत्रे प्रथम आली ती कंपनीच्या अंमलात. जॉन वॉरनच्या १८२५ च्या कालसंकलित या ग्रंथात दक्षिणेतील श्रेढींचा उल्लेख आला तेव्हा, त्या हिंदू लोकांनी युरोपीयांकडून घेतल्या असाव्यात असे मतही त्याबरोबरच नोंदले गेले. मद्रास इलाख्यातील मुलकी नोकर आणि मलबारात अदालतीच्या कामावर राहिलेला चार्ल्स व्हिश हा तरुण अधिकारी मात्र या मताशी सहमत नव्हता. त्याने स्थानिक पंडितांशी परिचय केला, मल्याळी भाषा आत्मसात केली, कडत्तनाडच्या राजघराण्यातील शंकरवर्मा या सद्रत्नमालेच्या कर्त्याशी त्याची भेट झाली, आणि तंत्रसंग्रह, युक्तिभाषा, करणपद्धती आणि सद्रत्नमाला या चार ग्रंथांतील वर्तुळमापनावर त्याने एक निबंध सिद्ध केला. १८३२ च्या डिसेंबरात तो वाचला गेला, पुढल्या वर्षी व्हिश कडप्प्यास मरण पावला, आणि १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने निबंध छापला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याचा पाठपुरावा झाला नाही. १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध झालेला शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, ज्याच्या तोडीचा ग्रंथ त्या काळी कोणत्याही भारतीय भाषेत नव्हता, त्याचाही भर उत्तरेकडील आणि महाराष्ट्रातील परंपरांवरच राहिला.

पुनरुद्धार झाला तो विसाव्या शतकात, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत छापला गेला. के. मुकुंद मारार आणि सी. टी. राजगोपाल यांनी युक्तिभाषेच्या आधारे हिंदूंच्या वर्तुळमापनावर लिहिलेला निबंध १९४४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. त्यात चौकोनाच्या बाजूचे खंड, दोन कर्ण, त्यांमधला चापखंड ही ज्येष्ठदेवाची सबंध मांडणी आधुनिक गणितज्ञाला पटेल अशा रीतीने उलगडून दाखविली होती. १९४८ मध्ये त्रिचूरच्या मंगलोदयम छापखान्यातून रामवर्मा मरु तंपुरान आणि अखिलेश्वर अय्यर यांनी युक्तिभाषेचा गणितभाग सटीप छापला. पुढे के. व्ही. शर्मा यांनी या परंपरेच्या पोथ्या शोधण्यात, पाठ जुळविण्यात आणि छापण्यात आयुष्य वेचले. युक्तिभाषेचे त्यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, २००८ साली, प्रकाशित झाले. तंत्रसंग्रहाचे सटीप भाषांतर पवईच्या आय. आय. टी.तील के. रामसुब्रह्मण्यम आणि मद्रासचे एम. एस. श्रीराम यांनी २०११ मध्ये सिद्ध केले, आणि त्याच्या दुसऱ्या प्रकरणात, चंद्राच्या गतीचा तो दामोदराचा श्लोक जेथे येतो तेथे, व्यस्त ज्याफलनाचा अवकलज आजच्या चिन्हांत लिहून श्लोकातील प्रत्येक पदाशी त्याचा मेळ घालून दाखविला आहे.